एक कोठी, तीन पातेली : कर्नलचा सोर्स आणि वेगळी आऊटपुट डिरेक्टरी

आपल्या मेसची कोठी कधी आत जाऊन पाहिली आहे का? तांदूळ, डाळ, तेल, मसाले सगळं एकाच ठिकाणी. त्याच सामानातून एका पातेल्यात रोजची आमटी, दुसऱ्यात जैन मुलांसाठी कांदा-लसूण नसलेली, आणि संकष्टीला तिसऱ्यात साबुदाण्याची खिचडी. सामान एकच, पातेली वेगळी. आता समजा, मेसच्या मामांनी कोठीतल्या डाळीच्या डब्यातच फोडणी ओतली तर? हसू येतं ना? पण लिनक्स कर्नलवर प्रोजेक्ट करणारे आपल्यापैकी बरेच जण नेमकं हेच करतात. सोर्सच्या फोल्डरमध्येच कॉन्फिग करायचं, तिथेच कंपाइल करायचं, आणि मग दुसऱ्या ग्रुपला त्याच सोर्समधून काही वेगळं हवं असलं की भांडणं!

कर्नलचा सोर्स एका जागी आणि त्यापासून तयार होणारा माल दुसऱ्या जागी कसा ठेवायचा, आणि आपलं मॉड्यूल त्या दुसऱ्या जागेशी जुळवून कसं कंपाइल करायचं, हे या लेखात सांगतो. (आपला विभाग मराठी असल्यामुळे कमांडही देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप कराव्यात. मेकला द्यायचे सी, ओ आणि एम हे तिन्ही कॅपिटल, हे विसरू नका.)

लेख कशासाठी?

एम्बेडेड लॅबमधल्या सामायिक मशीनची देखभाल गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तिथे कर्नल ६.६ चा एकच सोर्स ट्री होता आणि फायनल इयरचे दोन ग्रुप त्यावर काम करत होते. पहिल्या ग्रुपने सोर्सच्या आतच कॉन्फिग करून लॅबच्या पीसीसाठी कर्नल कंपाइल केला होता. दुसऱ्या ग्रुपला बीगलबोन ब्लॅक बोर्डसाठी कर्नल हवा होता. त्यांनी व्यवस्थित वाचन करून वेगळी आऊटपुट डिरेक्टरी देऊन मेक चालवलं. मेकने सांगितलं, 'सोर्स ट्री स्वच्छ नाही, आधी मेक एमआरप्रॉपर चालवा.' बिचाऱ्यांनी चालवलं!

एमआरप्रॉपर ही झाडू मारणारी कमांड आहे, पण झाडू फार मोठा आहे. ऑब्जेक्ट फाइल्स, तयार झालेली हेडर्स, सिम्बॉल्सची यादी तर जातेच, शिवाय डॉट-कॉन्फिग फाइल आणि तिची जुनी प्रतही जाते. पहिल्या ग्रुपचा रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता होता. नशीब, की चालू कर्नलच्या कॉन्फिगची एक प्रत बूट डिरेक्टरीत पडलेली होती. ती उचलून पुन्हा कंपाइल लावलं. त्या मशीनवर पूर्ण कंपाइलला तीनेक तास लागतात. चौघे जण रात्रभर लॅबबाहेर कॉरिडॉरमध्ये बसून होते. रिव्ह्यू झाला, पण त्यानंतर दोन्ही ग्रुप मेसमध्ये एका टेबलावर बसलेले मला दिसले नाहीत.

खरं म्हणजे दोष दोघांचाही नव्हता. एकाने पुस्तकातलं केलं, दुसऱ्याने मशीनने सांगितलेलं केलं. दोष होता मांडणीचा. म्हणून आता मांडणी बदलली आहे, आणि ती का बदलली हे नव्याने येणाऱ्यांना कळावं म्हणून हा लेख.

मेक आधी थांबला का?

मेक हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे आणि काय बदललं की काय पुन्हा बनवायचं, एवढंच तो बघतो. कर्नलने त्याच्यावर स्वतःची एक व्यवस्था उभी केली, तिला केबिल्ड म्हणतात. २००३ च्या डिसेंबरमध्ये २.६ कर्नल आला तेव्हा ही व्यवस्था बरीच नव्याने लिहिलेली होती. मॉड्यूलच्या फाइलला डॉट-ओ ऐवजी डॉट-केओ हे शेपूट लागलं तेही तेव्हापासूनच. (ओरलला हमखास विचारतात!)

कर्नल कॉन्फिगर केला की त्या कॉन्फिगनुसार काही हेडर फाइल्स आपोआप तयार होतात. कोणता पर्याय चालू, कोणता बंद, हे त्यांत लिहिलेलं असतं. आता सोर्समध्ये पीसीसाठी तयार झालेली हेडर्स पडली आहेत आणि आपण बोर्डसाठी दुसरीकडे कंपाइल करतोय, तर कंपायलर चुकून सोर्समधली हेडर्स उचलू शकतो. मग निम्मा कर्नल एका कॉन्फिगचा, निम्मा दुसऱ्याचा! तसं होऊ नये म्हणून केबिल्ड आधीच थांबतो आणि सोर्स स्वच्छ करा म्हणतो. त्याचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त त्या सोर्समध्ये दुसऱ्याचं रात्रीचं जेवण शिजतंय, हे त्याला माहीत नसतं.

नवी मांडणी

आता लॅबच्या मशीनवर चार जागा आहेत:

/कर्नल/सोर्स – कोठी. इथे फक्त वाचायची परवानगी.
/कर्नल/आऊट/पीसी – लॅबच्या पीसीचा नेहमीचा कर्नल.
/कर्नल/आऊट/डीबग – त्याच पीसीसाठी, पण तपासणीचे पर्याय चालू केलेला कर्नल.
/कर्नल/आऊट/बीगल – बीगलबोन ब्लॅकसाठी.

सोर्समध्ये एकदाच, सर्वांच्या संमतीने, एमआरप्रॉपर चालवलं आणि मग लिहिण्याची परवानगी काढून टाकली. वेगळी आऊटपुट डिरेक्टरी दिली की सोर्समध्ये काहीही लिहावं लागत नाही, त्यामुळे तो रीड-ओन्ली असला तरी कंपाइल उत्तम होतं. एखाद्याने घाईत तिथेच मेक चालवलं तरी 'परमिशन डिनाइड' येतं आणि कोणाचंच नुकसान होत नाही.

पीसीसाठी सोर्समध्ये उभं राहून क्रमाने तीन कमांड दिल्या:

मेक ओ=/कर्नल/आऊट/पीसी डेफकॉन्फिग
मेक ओ=/कर्नल/आऊट/पीसी मेनूकॉन्फिग
मेक ओ=/कर्नल/आऊट/पीसी -जे४

एकदा ओ= दिलं की त्या कामाच्या प्रत्येक मेकला ते द्यावंच लागतं. कॉन्फिग करताना दिलं आणि कंपाइल करताना विसरलं, असं चालत नाही. दर वेळी टाइप करायचा कंटाळा असेल तर केबिल्ड_आऊटपुट हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करता येतो. दोन्ही दिले तर ओ= चं ऐकलं जातं.

कॉन्फिग झाल्यावर आऊटपुट डिरेक्टरीत डोकावून बघा. तिथे एक छोटीशी मेकफाइल तयार झालेली असते. ती स्वतः फारसं काही करत नाही, सोर्स कुठे आहे एवढं तिला ठाऊक असतं आणि ती तिकडच्या मोठ्या मेकफाइलला बोलावते. ही छोटी फाइल लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ तिच्यावर आहे.

आता आपलं मॉड्यूल

समजा, तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं मॉड्यूल लिहिलंय. आपल्या फोल्डरमध्ये दोन फाइल्स ठेवा. पहिलीचं नाव केबिल्ड, तिच्यात एकच ओळ:

ओबीजे-एम := तापमान.ओ

दुसरी नेहमीची मेकफाइल:

केओबीजे ?= /लिब/मॉड्यूल्स/$(शेल युनेम -आर)/बिल्ड
ऑल:
    $(मेक) -सी $(केओबीजे) एम=$(सीयूआरडीआयआर) मॉड्यूल्स
क्लीन:
    $(मेक) -सी $(केओबीजे) एम=$(सीयूआरडीआयआर) क्लीन

-सी म्हणजे 'आधी त्या डिरेक्टरीत जा'. एम= म्हणजे 'पण काम माझ्या या फोल्डरचं कर'. आणि केओबीजे हे आपणच ठेवलेलं नाव. काही दिलं नाही तर चालू कर्नलची बिल्ड डिरेक्टरी घेतली जाते. दुसरा कर्नल हवा असेल तर नुसतं

मेक केओबीजे=/कर्नल/आऊट/डीबग

एवढं म्हणायचं. मेकफाइलला हात लावायचा नाही.

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, तेव्हा ठळक सांगतो. -सी ला सोर्सचा पत्ता द्यायचा नाही, आऊटपुटचा द्यायचा! मघाची छोटी मेकफाइल तिथे बसलेली आहे, ती सोर्स स्वतः शोधते. सोर्सचाच पत्ता द्यायची हौस असेल तर सोबत ओ= ही द्यावं लागतं. दोन्हींचा परिणाम एकच, मग लांबचा रस्ता कशाला?

मेक सुरू झाल्यावर आत काय होतं? आऊटपुटमधून कॉन्फिग वाचलं जातं. कंपायलरला सोर्समधली हेडर्स आणि आऊटपुटमध्ये तयार झालेली हेडर्स, दोन्हींचे पत्ते मिळतात. तुमची सी फाइल कंपाइल होते. मग मॉडपोस्ट नावाचा प्रोग्राम तुम्ही वापरलेली फंक्शन्स कर्नलमध्ये आहेत का हे मॉड्यूल.सिमव्हर्स या यादीत तपासतो. ही यादीसुद्धा आऊटपुटमध्येच असते. शेवटी डॉट-केओ फाइल तयार. या सगळ्यात आऊटपुट डिरेक्टरीत काही लिहावं लागत नाही, त्यामुळे तीही इतरांसाठी रीड-ओन्ली ठेवता येते.

चुकीच्या पातेल्याचा धोका

'सर, पीसी आणि डीबग दोन्ही एकाच मशीनचे, एकाच सोर्सचे. मग एकाचं मॉड्यूल दुसऱ्यात घातलं तर काय बिघडलं?' हा प्रश्न दर वर्षी येतो. उत्तर नीट समजून घ्या, कारण इथे नुसता एरर येत नाही, मशीन कोसळू शकतं.

साध्या कर्नलमध्ये स्पिनलॉक ४ बाइटचा असतो. लॉक तपासणीचे पर्याय चालू केले की त्याच स्पिनलॉकच्या स्ट्रक्चरमध्ये जास्तीची माहिती येते आणि तो बराच मोठा होतो. कर्नलच्या कितीतरी स्ट्रक्चर्समध्ये असे लॉक असतात. म्हणजे त्यांच्या पुढचे सगळे मेंबर सरकले! साध्या कर्नलशी जुळवून कंपाइल केलेलं मॉड्यूल जुन्या जागी लिहायला जातं आणि तिथे आता भलतंच काहीतरी असतं. होस्टेलमध्ये खोल्यांचे नंबर बदलले आणि पोस्टमन जुन्याच यादीने पत्रं टाकत सुटला, तसं.

मॉड्यूल लोड होताना कर्नल व्हरमॅजिक नावाची एक ओळ तपासतो. त्यात कर्नलची आवृत्ती, एसएमपी, प्रीएम्प्ट अशा मोजक्या गोष्टी असतात. लॉक तपासणी चालू की बंद हे त्यात नसतं. म्हणून दोन्ही कर्नलची आवृत्ती अक्षरशः सारखी असेल तर चुकीचं मॉड्यूलही आत शिरू शकतं. यावर दोन उपाय आहेत आणि आम्ही दोन्ही केले आहेत. एक, प्रत्येक आऊटपुटच्या कॉन्फिगमध्ये लोकलव्हर्जनला वेगळं शेपूट दिलं, म्हणजे -पीसी, -डीबग, -बीगल. आता आवृत्तीच वेगळी दिसते. दोन, मॉडव्हर्जन्स हा पर्याय चालू केला. मग प्रत्येक सिम्बॉलसोबत त्याच्या टाइपवरून काढलेला एक चेकसम साठवला जातो, आणि स्ट्रक्चर बदललं की चेकसम जुळत नाही. मॉड्यूल नेमकं कोणत्या कर्नलसाठी आहे हे बघायचं असेल तर मॉडइन्फो चालवा, व्हरमॅजिकची ओळ समोर येते.

नेहमीचे अडथळे

एक. 'कर्नल कॉन्फिगरेशन इनव्हॅलिड, ऑटोकॉन्फ सापडत नाही.' नव्वद टक्के वेळा -सी ला सोर्सचा पत्ता दिलेला असतो. एररमध्ये पुढे 'मेक ओल्डकॉन्फिग चालवा' असा सल्ला येतो. तो सोर्समध्ये उभं राहून पाळू नका! सोर्समध्ये कॉन्फिग तयार होईल, मग दुसऱ्याला 'सोर्स स्वच्छ नाही' येईल, मग तो एमआरप्रॉपर चालवेल... पुढची गोष्ट वर वाचली आहेच.

दोन. हेडरचे पत्ते हाताने लिहिलेल्या मेकफाइल्स. सीनियरकडून आलेल्या मेकफाइलमध्ये हमखास सोर्सच्या इन्क्लूडचा पत्ता असतो. पण ऑटोकॉन्फ हे हेडर २०१० च्या २.६.३३ मध्ये इन्क्लूड/लिनक्स मधून इन्क्लूड/जनरेटेड मध्ये गेलं, आणि व्हर्जन हेडर २०१२ च्या ३.७ मध्ये आणखी आतल्या फोल्डरमध्ये गेलं. शिवाय वेगळं आऊटपुट असेल तर ही हेडर्स सोर्समध्ये नसतातच. कर्नलची हेडर्स शोधणं केबिल्डवर सोडा. स्वतःच्या हेडर्ससाठी सीसीफ्लॅग्ज-वाय मध्ये $(एसआरसी) वापरा.

तीन. पीडब्ल्यूडी! म्हणजे सार्वजनिक बांधकाम खातं नव्हे, शेलचा तो व्हेरिएबल. पुष्कळ पुस्तकांत एम=$(पीडब्ल्यूडी) असं असतं. २००५ साली आलेल्या 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स'च्या तिसऱ्या आवृत्तीतही तसंच आहे. पण हा व्हेरिएबल शेलकडून येतो. सुडोने मेक चालवलं आणि तो पुढे पोचलाच नाही, तर एम= रिकामं राहतं आणि मेक तुमचं एक मॉड्यूल सोडून कर्नलचीच सगळी मॉड्यूल्स बनवायला निघतो. म्हणून वर सीयूआरडीआयआर वापरलंय, तो मेक स्वतः भरतो. आणि कंपाइल करायला सुडो लागतच नाही, ते फक्त लोड करताना.

चार. बोर्डसाठी कंपाइल करताना आर्किटेक्चर विसरणं. बीगलच्या आऊटपुटला कमांड अशी:

मेक ओ=/कर्नल/आऊट/बीगल आर्च=आर्म क्रॉस_कंपाइल=आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ- मल्टी_व्ही७_डेफकॉन्फिग

यातले आर्च आणि क्रॉस_कंपाइल हे दोन्ही प्रत्येक वेळी द्यायचे, मॉड्यूल कंपाइल करतानाही. एकदा जरी विसरलात तर मेक समजतो की हा एक्स८६ चा कर्नल आहे, आणि कॉन्फिगचे नको ते प्रश्न विचारू लागतो. तसं झालं तर एंटर दाबत सुटू नका, कंट्रोल-सी करा. आम्ही दोन ओळींची एक शेल स्क्रिप्ट करून ठेवली आहे, ती वापरा.

पाच. 'मॉड्यूल्स_प्रिपेअर पुरेसं आहे ना?' पूर्ण कर्नल कंपाइल न करता मॉड्यूलपुरती तयारी करायला ही कमांड आहे आणि ती लवकर संपते. पण ती मॉड्यूल.सिमव्हर्स बनवत नाही. मॉडव्हर्जन्स चालू असेल तर एकदा पूर्ण कंपाइल करायलाच हवं. डिनरला जायच्या आधी लावून द्या.

सहा. आपलं मॉड्यूल दुसऱ्या ग्रुपच्या मॉड्यूलमधलं फंक्शन वापरत असेल, तर त्यांच्या फोल्डरमधल्या सिमव्हर्स फाइलचा पत्ता केबिल्ड_एक्स्ट्रा_सिम्बॉल्स मध्ये द्या. नाहीतर मॉडपोस्ट 'अनडिफाइन्ड' म्हणून ओरडतो.

एक त्रुटी, जी आता भरून निघाली

वरच्या मांडणीत कर्नलचं आऊटपुट वेगळं झालं, पण मॉड्यूलचं? ते आपल्याच फोल्डरमध्ये पडतं. आधी पीसीसाठी कंपाइल केलं, मग बीगलसाठी, तर दुसरी डॉट-केओ पहिलीच्या डोक्यावर बसते. मग डेमोच्या दिवशी बोर्डवर पीसीची फाइल जाते आणि 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' येतो. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ कर्नलमध्ये यावर एमओ= हा पर्याय मिळाला. एम= मध्ये मॉड्यूलचा सोर्स आणि एमओ= मध्ये त्याचा माल कुठे ठेवायचा तो पत्ता. ज्यांचा ट्री ६.१३ किंवा पुढचा आहे त्यांनी बिनधास्त वापरा. आपला लॅबचा ६.६ चा ट्री त्याआधीचा असल्यामुळे तिथे प्रत्येक टार्गेटसाठी मॉड्यूलच्या फोल्डरची वेगळी प्रत ठेवायची.

बाहेरच्या जगात

हे फक्त आपल्या लॅबचं खूळ आहे असं समजू नका. सुसे लिनक्समध्ये कर्नलचा सोर्स आणि लिनक्स-ओबीजे अशा दोन वेगळ्या डिरेक्टरी असतात, आणि दुसरीत आर्किटेक्चर व प्रकारानुसार उपफोल्डर. डेबियनमध्ये हेडर्सचं एक सामायिक पॅकेज आणि प्रत्येक प्रकाराचं वेगळं पॅकेज येतं. एम्बेडेड कंपन्यांमध्ये चालणाऱ्या योक्टोने २०१५ च्या १.८ आवृत्तीपासून सोर्स आणि बिल्ड या जागा वेगळ्या केल्या. तेव्हा सोर्समध्येच आऊटपुट आहे असं गृहीत धरून लिहिलेल्या पुष्कळ ड्रायव्हर्सच्या मेकफाइल्स दुरुस्त कराव्या लागल्या. म्हणजे तुमची मेकफाइल आज आपल्या लॅबमध्ये आऊटपुटचा पत्ता नीट घेत असेल, तर ती उद्या या ठिकाणीही फारशी न बदलता चालेल. आणि इंटरव्ह्यूमध्ये 'हार्डकोड केलंय' असं सांगायची वेळ येणार नाही.

थोडक्यात

सोर्समध्ये मेक चालवायचं नाही. -सी ला आऊटपुटचा पत्ता. प्रत्येक आऊटपुटला वेगळं लोकलव्हर्जन. मॉड्यूल लोड करण्याआधी मॉडइन्फो. आणि एमआरप्रॉपर टाइप करण्याआधी आपण कोणत्या डिरेक्टरीत उभे आहोत हे एकदा बघायचं, कारण आऊटपुट डिरेक्टरीत ते चालवलं तर तिथलं कॉन्फिगही जातं. आपलं कॉन्फिग दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर किंवा गिटमध्ये ठेवलंत तर उत्तम. एवढीशी फाइल आहे, पण ती गेली की सगळं गेलं.

हे पाचही नियम लॅबच्या दाराजवळच्या बोर्डवर लावले आहेत. नवीन ग्रुपला स्वतःची आऊटपुट डिरेक्टरी हवी असेल तर मला किंवा लॅब असिस्टंटना सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि ज्या दोन ग्रुपची गोष्ट वर सांगितली, त्यांच्यातल्या चार-पाच जणांनीच नंतर ही नवी मांडणी मशीनवर बसवायला मदत केली, हेही इथे नोंदवून ठेवतो. सबमिशनसाठी सर्वांना शुभेच्छा!